नेवाशाची पोथी आणि हरवलेली अक्षरे

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी नेवासे आहे. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, ज्ञानदेवांनी गीतेवरची आपली मराठी टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ आज घरोघर आहे. पण तो आपल्यापर्यंत सरळ वाटेने आलेला नाही. मधल्या काळात त्यातली अक्षरे बिघडली, आणि ती कोणाला तरी नेटाने बसून परत मिळवावी लागली. ती हकीकत आज सांगायची आहे.

छापखाने नव्हते तेव्हा पोथीची प्रत हातानेच करावी लागे. लिहिणारा थकला की ओळ गळते. जुना शब्द कळला नाही की तो ओळखीचा शब्द घालतो. एखादा भाविक आपलीच ओवी मध्ये जोडून देतो. पहिल्या प्रतीतली चूक दुसरीत उतरते, दुसरीतली तिसरीत. असे जवळजवळ तीनशे वर्षे चालले. शेवटी शके १५०६ मध्ये, इ. स. १५८४ साली, पैठणच्या एकनाथ महाराजांनी हा ग्रंथ शुद्ध केला. समाधीतल्या ज्ञानदेवांच्या गळ्याला अजानवृक्षाची मुळी लागली आणि ती काढायला त्यांनी नाथांना स्वप्नात सांगितले, ही आख्यायिका आपण कीर्तनात ऐकतो. ती श्रद्धेची गोष्ट झाली. नाथांनी ग्रंथाच्या शेवटी मात्र स्पष्ट नोंदवले आहे, की मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठभेदांनी तो बिघडला; आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये.

हरवलेले अक्षर परत मिळते तरी कसे? ग्रंथाची रचनाच इथे मदतीला येते. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असते. शेवटचा शब्द बदलला आणि यमक मोडले, की चूक कानालाच कळते. शिवाय ओव्यांच्या मागे गीतेचा श्लोक उभा असतो. अर्थ भलतीकडे गेला तर तो अडवतो. तिसरे साधन म्हणजे दुसऱ्या प्रती. मात्र एक खबरदारी हवी. एकाच चुकीच्या पोथीवरून उतरलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. तो एकच साक्षीदार दहा तोंडांनी बोलत असतो.

आता आजच्या पोथ्यांकडे येऊ. शाळेचे निकाल, सात-बाराचे उतारे, सोसायटीची खाती आता संगणकावर असतात. ज्या मोठ्या यंत्रांत, म्हणजे सर्व्हरमध्ये, अशी माहिती राहते, तिथे ती बहुधा एकाच डिस्कवर न ठेवता अनेक डिस्कवर वाटून ठेवतात. १९८८ साली अमेरिकेतल्या बर्कले येथील विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी या रचनेवर निबंध प्रसिद्ध केला आणि तिला ‘रेड’ हे नाव दिले. तिचे मर्म गुरुजींना फळ्यावर दाखवता येईल. समजा, पहिल्या डिस्कवर ७ आहेत, दुसरीवर ५, आणि तिसरीवर दोघांची बेरीज १२. दुसरी बंद पडली, तर १२ मधून ७ वजा करा; ५ परत मिळाले. यंत्रातली बेरजेची रीत थोडी वेगळी असते, पण तत्त्व हेच. यमक नुसती चूक दाखवते, ही बेरीज हरवलेला आकडाच हाती देते. पण दोन डिस्क एकदम गेल्या, तर उरलेल्या एकीवरून काय कळणार?

अशा वेळी जाणकार माणूस घाई करत नाही. तो आधी यंत्र थांबवतो, डिस्कवर क्रमांक घालतो, प्रत्येकीची जशीच्या तशी नक्कल घेतो आणि नकलेवरच काम करतो. पोथीची विस्कटलेली पाने जशी अंक पाहून लावावी, तसे माहितीचे तुकडे कोणत्या क्रमाने वाटले होते हे शोधून तो ते जुळवतो. उलट, बिघडलेल्या डिस्कवर नवे काही लिहिणारा माणूस पोथीत आपली ओवी घालणाऱ्यासारखाच. जुने अक्षर त्याच्या हातून पुसले जाते.

आणखी एक गोष्ट. चुकून एखादी नोंद खोडली, तर ‘रेड’मध्ये ती सगळीकडून एकदमच जाते. म्हणून वेगळ्या जागी ठेवलेली वेगळी प्रत लागतेच. ज्ञानेश्वरीचेही तसेच झाले. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी एका निराळ्या जुन्या पोथीवरून ती छापली. भाषेची जुनी रूपे पुढे आली आणि अभ्यासक पुन्हा पाठ ताडून पाहू लागले. निराळ्या वाटेने आलेली पोथी कोणीतरी जपली होती, म्हणून हे घडले.

तेव्हा गुरुजींनी शाळेच्या नोंदींची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी, आणि ती उघडते की नाही हे वर्षातून एकदा तरी पाहावे. फार खर्चाचे काम नाही ते.