राडबर्न, १८८४ : न घेतलेल्या विश्रांतीचा सौदा

बेसबॉलमधील पिचर म्हणजे आपला गोलंदाज. मात्र षटक संपले म्हणून त्याला उसंत मिळत नाही. आज दोन सामन्यांच्या मध्ये त्याला साधारण चार दिवसांची विश्रांती देतात.

जुलै १८८४ मध्ये अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स ग्रेज संघ पेचात सापडला. चार्ल्स राडबर्न निलंबित होता आणि दुसरा पिचर चार्ली स्वीनी चालू सामना सोडून निघून गेल्याने बडतर्फ झाला. तेव्हा उरलेले सामने आपण एकटे सांभाळू, असे राडबर्नने सांगितले. अटी दोन : वाढीव पगार आणि हंगामाअखेर राखीव कलमातून मुक्तता. या कलमामुळे खेळाडू वर्षानुवर्षे एकाच क्लबाशी बांधलेला राही. दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नसे. पराक्रमाच्या कथेतून ही अट बहुधा गळते, आणि खरा इतिहास तर तिथेच आहे.

पुढे तो दिवसाआड, कधी लागोपाठ मैदानात उतरला. त्या हंगामात त्याने ७३ सामने सुरू केले आणि ७३ही पूर्ण केले. विजय ५९, काही नोंदींत ६०. केस विंचरायलाही हात वर जात नसे, अशी आख्यायिका आहे. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संघाविरुद्ध २३, २४ आणि २५ या तिन्ही दिवशी तोच पिचर होता, आणि तिन्ही सामने प्रॉव्हिडन्सने जिंकले.

क्लबाने शब्द पाळला. मोकळ्या झालेल्या राडबर्नने १८८५ साठी पुन्हा प्रॉव्हिडन्सशीच करार केला. त्या हंगामानंतर क्लब बंद पडला आणि राडबर्न बॉस्टनच्या वाट्याला गेला.