दरवाढीचा आदेश आणि ४५ दिवसांचं घड्याळ

वीज दरवाढ जाहीर झाली की आपल्याकडे क्रम ठरलेला असतो. आधी बिलांची होळी, मग महावितरणच्या कार्यालयावर मोर्चा, मग पालकमंत्र्यांना निवेदन. यात महिना कधी उलटतो कळतही नाही. आणि ज्या मार्गाने तो आदेश खरोखर रद्द होऊ शकतो, त्या मार्गाची मुदत तिकडे संपत आलेली असते.

ही सवय आली कुठून? थोडं मागे जाऊ.

१९४८ च्या वीजपुरवठा कायद्याखाली राज्यांची वीज मंडळं स्वतःच दर ठरवत. आपलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० चं. दर मंडळाचे आणि मंडळ सरकारचं. म्हणजे सरकारवर दबाव आला तर दर हलण्याची आशा असे. तेव्हा मोर्चा हेच अपील होतं म्हणा ना!

१९९८ मध्ये केंद्राने वीज नियामक आयोगांचा कायदा केला. १९९९ मध्ये महाराष्ट्राचा आयोग आला आणि मे २००० मध्ये मंडळाच्या दरांवर त्याचा पहिला आदेश निघाला. जाहीर सुनावणी झाली, प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था ग्राहकांच्या बाजूने बोलल्या. इथे मोठा बदल झाला. दर हा मंत्र्यांचा निर्णय राहिला नाही, तो निवाड्यासारखा आदेश झाला. निवाडा आला की अपील आलं, आणि अपील आलं की मुदत आली. त्या कायद्यात उच्च न्यायालयात जायला ६० दिवस होते.

२००२ मध्ये कोलकात्याच्या सीईएससी कंपनीच्या दरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. दरांचं गणित इतकं तांत्रिक असतं की अपील ऐकायला तज्ज्ञांची वेगळी संस्था हवी, असं न्यायालयाने सुचवलं. २००३ च्या वीज कायद्यात ती आली : दिल्लीतलं वीज अपील न्यायाधिकरण. कलम १११ प्रमाणे आयोगाच्या आदेशाची प्रत मिळाल्यापासून ४५ दिवसांत तिथे जायचं. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकतं.

पुढची पायरी मात्र कडक आहे. न्यायाधिकरणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जायला कलम १२५ मध्ये ६० दिवस, आणि सबळ कारण दाखवलं तर आणखी जास्तीत जास्त ६०. एकूण १२०. तेही फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर.

हे १२० खरंच १२० आहेत का, याची परीक्षा छत्तीसगड राज्य वीज मंडळाच्या प्रकरणात झाली. मंडळाचं अपील उशिरा आलं होतं. २०१० मध्ये न्यायालयाने सांगितलं की १२० दिवसांनंतर एक दिवसही माफ होणार नाही, मुदतीच्या सर्वसाधारण कायद्याची सवलत इथे चालणार नाही. निकालाच्या दिवसाची नोटीस वकिलांच्या कॉज लिस्टमध्ये लागली असेल, तर निकाल सुनावला तेव्हाच तो कळला असं धरायचं. प्रमाणित प्रत मिळेपर्यंत घड्याळ थांबत नाही. २०१७ मध्ये ओएनजीसीसारख्या बलाढ्य सरकारी कंपनीलाही हेच उत्तर मिळालं.

हे अन्यायाचं वाटतं ना? पण दुसरी बाजू बघा. दर वर्षानुवर्षं अधांतरी राहिले आणि मग निकाल फिरला, तर फरकाची वसुली शेवटी आपल्याच बिलात येते. मुदत असण्याला कारण आहे. दुखणं वेगळं आहे. कंपन्यांकडे तारखा सांभाळायला पगारी वकील असतात. ग्राहकाकडे असतो बिल हातात पडल्यावर आलेला राग, आणि तोवर बरेच दिवस गेलेले असतात.

म्हणून मोर्चा जरूर काढा. पण आदेश निघाला त्याच दिवशी संघटनेतल्या एकाने तो उतरवून घ्यावा, तारीख लिहून ठेवावी आणि पहिल्या पंधरवड्यातच वकिलाशी बोलावं. स्वतःच्या बिलाची तक्रार असेल तर रस्ता वेगळा आहे : आधी ग्राहक गाऱ्हाणे मंच, आणि त्याचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल.

१९९९ पासून दर ठरवण्याची जागा बदलली आहे. आपण अजून जुन्याच दारावर थाप मारतोय.