किटचं विमान: ५१ टक्के काम कोणाचं?

अमेरिकेत विमानाचं किट विकत घेऊन ते घरच्या गॅरेजमध्ये जोडता येतं. मात्र निम्म्याहून जास्त बांधणी हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेली हवी. हाच '५१ टक्के नियम'. मग पैसे देऊन कारागीर लावला तर? बंदी नाही; पण त्याचं काम तुमच्या वाट्यात धरत नाहीत. मित्राने फुकट केलेली मदत धरतात. रंगकाम आणि सीटच्या गाद्या या हिशेबातच नाहीत, ती कामं खुशाल बाहेर द्या. खरी गोम पंख आणि सांगाड्याच्या कामात असते. त्यामुळे फोटो आणि नोंदवही जपावी लागते. बहुतांश काम हौशी हातांचं आहे हे पटलं नाही, तर विमान वाहतूक नियामक एफएए या वर्गातलं प्रमाणपत्र नाकारू शकते. खोटी माहिती देणं तर गुन्हाच.