वाळूच्या पिशवीचे कूळ

रायफल हातात न तोलता मेजावर मांडलेल्या वाळूच्या दोन पिशव्यांवर ठेवायची, नेमबाजाने मेजाशी बसून दुर्बिणीतून नेम धरायचा, आणि शंभर किंवा दोनशे यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या अशा मारायच्या की पाचांचे मिळून एकच छिद्र दिसावे, असा एक खेळ दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत अमेरिकेत संघटित स्वरूपाला आला. त्याला बेंचरेस्ट म्हणतात. त्याच्या मुख्य प्रकारात लक्ष्याच्या मध्याला गोळी लागली की नाही, याला महत्त्व नसते. परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांतील अंतर मोजतात, आणि ज्याचे अंतर सर्वांत कमी तो विजयी ठरतो. या खेळाचे नियम चाळताना एका संज्ञेपाशी मी थांबलो, आणि पुढची सारी कुळकथा तिच्यातूनच उलगडत गेली. पुढची पिशवी व मागची पिशवी एकमेकींना जोडलेली नसावी, मेजाला खिळलेली नसावी, आणि गोळी सुटल्यावर मागे सरकलेली रायफल आपोआप तंतोतंत पूर्वस्थळी आणणारी यंत्रयोजना सर्वसाधारण वर्गात चालणार नाही, असा दंडक आहे. अशा यंत्रयोजनेला हे नेमबाज ‘रिटर्न-टु-बॅटरी’ म्हणतात.

ही बॅटरी विजेची नव्हे, तोफांची. बार उडाला की तोफ धक्क्याने मागे जाई, आणि गोलंदाज तिला ढकलीत पुन्हा तटाच्या झरोक्याशी आणून लावीत. त्या जागी येणे म्हणजे बॅटरीत येणे. आपल्याकडच्या जुन्या कागदपत्रांत या जागेला मोर्चा म्हणत, आणि ती जागा कृत्रिम उंची देऊन शत्रूच्या तटाच्या बरोबरीला आणली, म्हणजे तिचा दमदमा होई. दमदमा कशाचा रचीत? लाकडाचा, मातीचा, आणि विशेषेकरून मातीने भरलेल्या पोत्यांचा. शांतपणे मेजाशी बसून खेळल्या जाणाऱ्या खेळाने आपल्या बोलीत वेढ्याच्या मोर्च्याचा शब्द जपून ठेवावा, आणि त्याच खेळाचे मुख्य साधन मोर्च्याचेच पोते असावे, हा योगायोग मानण्यास माझे मन तयार नाही.

भोर तालुक्यातील भोंगवलीकराला दमदमा समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. गावाच्या उत्तरेच्या अंगाला पुरंदरचा डोंगर आहे. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग व दिलेरखान यांनी त्याला वेढा घातला, १४ एप्रिलला वज्रगड घेतला, आणि मेअखेरीस सफेद बुरुजासमोर लाकडी दमदमा उभारून त्यावर तोफा चढवल्या. मुरारबाजी देशपांडे याच वेढ्यात पडले, आणि जूनमधील तहाने तेवीस किल्ले मोगलांकडे गेले. शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या बारांत वेल्ह्याकडचे राजगड आणि तोरणा हे दोन होते. हा इतिहास शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. माझा मुद्दा एवढाच, की नीरेच्या या खोऱ्यात तोफेखाली उंच, स्थिर आणि धक्का पचवणारे आसन असावे हा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी अमलात आला होता.

पोत्याचे प्रत्यक्ष दर्शन मात्र गोवळकोंड्याला घडते. १६८७ च्या वेढ्यात खंदक भरून काढण्याचे ठरले, तेव्हा औरंगजेब बादशहाने वजू करून, मातीने भरावयाच्या पहिल्या कापडी पोत्याची शिवण स्वतःच्या हाताने घातली, असे त्या काळच्या तवारिखांच्या आधारे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. हिंदुस्थानचा सार्वभौम अधिपती सुईदोरा घेऊन एक पोते शिवत बसतो, या घटनेकडे इतिहासकार धार्मिक विधी म्हणून पाहतात. मला तीत पोत्याचे युद्धशास्त्रातील स्थान दिसते. पुढे पाऊस कोसळला आणि मोगलांचे मातीचे मोर्चे व दमदमे चिखल होऊन खचले. किल्ला पडला तो सप्टेंबरात, फितुरीने उघडलेल्या दरवाजातून. पोत्यातील द्रव्य कोरडे राहिले तरच ते भार सांभाळते, हा धडा त्या पावसाने शिकवला, आणि मेजावरच्या पिशवीत चाळलेली कोरडी वाळूच का भरतात याचे उत्तरही त्यातच आहे.

आता दमदमा या शब्दाच्या व्युत्पत्तीचा तंटा. एक पक्ष म्हणतो, हा शब्द नगाऱ्याच्या ‘दम् दम्’ घोषावरून आला. फार्सीत त्याला नगाऱ्याचा गजर असाही अर्थ आहे, आणि मोर्च्यावर नगारे व तोफा दोन्ही गर्जत. दुसरा पक्ष त्याची फोड श्वास या अर्थाच्या ‘दम’पासून करतो. गुरू गोविंदसिंग पंजाबातील तळवंडी साबो येथे विसावले, त्या स्थळाला दमदमा साहिब म्हणतात, आणि शीख परंपरा त्याचा अर्थ दम घेण्याचे ठिकाण असा सांगते. तिसरा पक्ष, मातीचा उंच चौथरा हाच मूळ अर्थ धरून, कलकत्त्याजवळच्या डमडमचे नाव अशा एखाद्या उंचवट्यावरून पडले असे मानतो. तेथे बंगालच्या तोफखान्याचे मुख्य ठाणे १७८३ पासून १८५३ पर्यंत होते, म्हणून पुष्कळांना वाटते की तोफांच्या आवाजानेच गावाला नाव दिले.

मला हे आवाजाचे मत पटत नाही. जेथे इंग्रजांचा तोफखाना कधी नांदला नाही अशा उत्तर हिंदुस्थानातील अनेक ठिकाणी दमदमा हे स्थलनाम आढळते, आणि ती नावे कानांनी नव्हे, भूमीच्या चढाने दिलेली आहेत असे मानणेच सयुक्तिक होय. विसाव्याच्या अर्थाला मात्र मी सहजासहजी सोडणार नाही. उंचवटा आणि विसावा हे अर्थ परस्परविरोधी नाहीत: ज्या ठिकाणी ओझे टेकवता येते तेच विसाव्याचे ठिकाण, मग ते ओझे वाटसरूचे असो की तोफेचे. पुढे याच डमडमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात अंगात शिरताच फुलणारी गोळी तयार झाली, ती जगभर डमडम म्हणून कुप्रसिद्ध झाली, आणि १८९९ च्या हेग येथील जाहीरनाम्याने तसल्या गोळ्यांना मनाई झाली. स्थिर आसनाच्या नावाने गोळी ओळखली जावी, असे या घराण्याचे भाग्य.

माझ्या मताला प्रतिपक्ष आहे आणि तो दुबळा नाही. तो म्हणतो, बेंचरेस्टचा जन्म वेढ्यात नसून बंदूक घडवणाऱ्याच्या कर्मशाळेत झाला. हॅरी पोप हा नळ्या घडवणारा विख्यात कारागीर आपल्या नळ्यांची परीक्षा टेक देऊनच करी. फ्रँकलिन मान या अमेरिकी संशोधकाने गोळीच्या उड्डाणावरचा आपला ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध केला, तो काँक्रीटच्या अचल स्तंभावर नळी ठेवून वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांवर उभा आहे. युरोपातही मातीची पोती वेढ्यांत वापरात होतीच. मग हिंदुस्थानात येण्याचे कारण काय? मेजाचे श्रेय मी कारागिराला निःसंकोच देतो. परंतु मानचा स्तंभ काँक्रीटचा होता, वाळूचा नव्हे. अचल आसन आणि किंचित दबणारे आसन यांत जातीचा भेद आहे, आणि दबणारे आसन सैनिकाकडूनच आले.

ते कोणत्या वाटेने आले, याचाही माग लागतो. गोणी हा शब्द पाणिनीला ठाऊक होता. धान्य भरण्याच्या पात्राच्या अर्थाने त्याने त्याची सिद्धी सांगितली आहे. तोच शब्द ‘गनी’ होऊन इंग्रजीत गेला. १८५५ साली हुगळीकाठी रिश्रा येथे पहिली ताग-गिरणी निघाली, आणि पहिल्या महायुद्धात खंदकांसाठी लागणारी असंख्य पोती याच नदीकाठच्या गिरण्यांनी, म्हणजे डमडमच्या शेजाराने, पुरवली. ती पोती ज्यांच्या छातीपुढे रचली गेली त्यांत मराठी पलटणीही होत्या: मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये त्या लढल्या. खंदकातल्या शिपायाने रायफल पोत्यावर टेकवली, हात कापायचा थांबला, नेम साधला. तोफेचे आसन बंदुकीला मिळाले ते या खंदकांत, असे मी निश्चयाने म्हणतो. आणि दोन महायुद्धे पाहिलेल्या पिढीने मेज मांडले तेव्हा त्यावर पोतेच ठेवले, यात नवल नाही. आपल्या सैन्यात आजही अशा पोत्यांच्या आडोशाला मोर्चाच म्हणतात.

पिशवीची करामत जवळून पाहण्याजोगी आहे. पुढची पिशवी नळीला कधीच लागू देत नाहीत. ती नळीखालच्या लाकडाखाली येते, कारण बार उडताना नळी कंप पावते आणि तिला मध्येच कशाचा स्पर्श झाला तर कंपाची रीत बदलून गोळी भलतीकडे जाते. मागची पिशवी आकाराने लहान, चामड्याची, वर सशासारखे दोन कान असलेली. दस्त्याची निमुळती कड या कानांच्या खोबणीत बसते. नेमबाज डाव्या हाताने ही पिशवी हलकेच दाबतो, तेव्हा आतली वाळू कानांकडे चढते, दस्ता केसभर वर येतो आणि नळीचे तोंड तेवढेच खाली झुकते. मूठ सैल केली की उलट घडते. वाळू ठासून भरलेली हवी, कारण सैल पिशवी प्रत्येक बाराला निराळी बसते. आणि ती चाळलेली हवी, कारण एखादा खडाही भार एका बाजूस नेतो. दाबले की कण एकमेकांत अडकून घट्ट होतात, दाब गेला की पुन्हा मोकळे होतात: काँक्रीटला न जमणारी ही गोष्ट.

आपल्याकडे ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत पिशवीला मज्जाव आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर तीन अवस्थांच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळवले ते बिनटेकाच्या शिस्तीत. परंतु १९४८ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या गोळीबारात महाविद्यालयीन मुलगा किंवा मुलगी पॉइंट टू-टूची रायफल घेऊन पोटावर पडते तेव्हा पुढे बहुधा वाळूचे पोते असते, आणि तिला सांगितले जाते ते लक्ष्याचा मध्य साधण्याचे नव्हे, तर आधी ‘ग्रुपिंग’ जमवण्याचे, म्हणजे पाचही गोळ्या एकत्र ठेवण्याचे. ही कसोटी हुबेहूब बेंचरेस्टची आहे. भोर-वेल्ह्याच्या मुलांनी या खेळाचे नाव ऐकले नसेल, पण त्याचा पहिला धडा त्यांच्या हातून गिरवला गेलेला आहे. आणि शिपायाचे पोतेच कारागिराच्या मेजावर गेले या माझ्या म्हणण्याला याहून जवळचा पुरावा मला दुसरा दिसत नाही.