झाडाची साल, लॉरीचा पत्ता आणि डिकीतला सिलिंडर

गाडीत बाहेरून सीएनजी किट बसवलं, विमा कंपनीला कळवलं नाही, आणि पुढे अपघात झाला. आता क्लेम मिळेल का? गूगलवर विचारलं तर दोन ठाम उत्तरं मिळतात. एक म्हणतं 'पॉलिसी रद्द', दुसरं म्हणतं 'किटचा अपघाताशी संबंध नसेल तर काही होत नाही'. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं जुनी आहेत. मोटारगाडीपेक्षाही जुनी.

इंग्लंडमध्ये एका माणसाने आपलं गोदाम आणि धान्य वाळवायची भट्टी यांचा आगीचा विमा उतरवला होता. जवळच एक जहाज बुडालं. त्यात झाडाच्या सालीचा माल होता, तो सगळा भिजला. या भल्या माणसाने ती साल आपल्या भट्टीत वाळवू दिली, तीही फुकट. आग लागली आणि सगळं जळालं. विमा कंपनी म्हणाली, साल वाळवणं हे धान्य वाळवण्यापेक्षा धोक्याचं काम, त्याचा हप्ताही जास्त असतो, आणि धोका वाढला तर कळवायचं असं पॉलिसीत लिहिलं आहे. 1837 साली 'शॉ विरुद्ध रॉबर्ड्स' या खटल्यात निकाल लागला तो मात्र भट्टीवाल्याच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं असं की 'बदल' म्हणजे धंद्यातला कायमचा बदल. एकदा केलेला उपकार म्हणजे धंदा बदलणं नव्हे.

1843 च्या 'पिम विरुद्ध रीड' मध्ये तर धंदाच बदलला होता. कागद बनवणाऱ्याच्या जागेत पॉलिसी घेतल्यानंतर टाकाऊ कापसाचं काम सुरू झालं. ते जास्त ज्वालाग्राही, तरी विमाधारक जिंकला. पॉलिसी घेताना खोटं बोललेलं नाही आणि नंतरचे बदल कळवण्याची अट घातलेली नाही, तर नुसता धोका वाढला म्हणून करार मोडत नाही, हे तिथलं सूत्र.

म्हणजे इंग्रजी कायद्याने दोन प्रश्न वेगळे ठेवले होते. करार करताना काय सांगितलं? आणि करार झाल्यावर काय बदललं? पहिल्याबाबत कायदा कडक होता. 1766 च्या 'कार्टर विरुद्ध बोह्म' खटल्यात लॉर्ड मॅन्सफिल्डने विम्यातल्या सचोटीचं तत्त्व मांडलं ते याच संदर्भात. तो खटला सुमात्रातल्या फोर्ट मार्लबरो किल्ल्याचा. किल्ला परकी शत्रूच्या हाती जाईल या धोक्याचा विमा गव्हर्नरसाठी लंडनमध्ये उतरवला गेला, आणि 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतलाही. 'सगळं सांगा' या नियमाचा दाखला म्हणून हा खटला कायम दिला जातो. पण हरली विमा देणारी बाजू! मॅन्सफिल्डचा सूर असा होता की गव्हर्नर स्वतः विमा मागतोय म्हणजे त्याला भीती आहे हे तुम्हाला दिसत होतं, मग एकही प्रश्न न विचारता सही का केलीत? हा अर्धा भाग पुढे दीडशे वर्षं सोयीस्करपणे विसरला गेला, असं मला वाटतं.

कारण दरम्यान विमा कंपन्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. छापील फॉर्म आले आणि फॉर्मच्या तळाशी एक वाक्य आलं: वरील उत्तरं हा या कराराचा पाया आहे. या एका वाक्याने काय केलं ते पाहायचं तर ग्लासगोला जावं लागेल.

तिथल्या डॉसन्स नावाच्या, घरसामान हलवणाऱ्या कंपनीने लॉरीचा विमा काढला. फॉर्मवर प्रश्न होता, गाडी नेहमी कुठे ठेवणार? उत्तरात शहरातल्या ऑफिसचा पत्ता गेला, तोही अनवधानाने. लॉरी प्रत्यक्षात शहराबाहेर ठेवली जायची. ती आगीत जळाली. पत्त्यातल्या फरकाने धोका वाढला होता असं कोणी सिद्ध केलं नाही, आणि तशी गरजही पडली नाही. 1922 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ठरवलं: उत्तर पाया आहे, पाया चुकीचा आहे, पॉलिसी गेली. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. चेकसम जुळला नाही की फाइल रद्द. बदललेलं अक्षर महत्त्वाचं होतं का, हे मशीन विचारत नाही. पण न्यायाधीशानेही विचारू नये?

हा कलमी सापळा ग्राहकांच्या विम्यातून ब्रिटनने काढला तो 2012 च्या कायद्याने, आणि बाकीच्या विम्यातून 2015 च्या. 'डॉसन्स'नंतर नव्वद वर्षांनी.

गाडीच्या बाबतीत मात्र एक तिसरा माणूस मध्ये आला. रस्त्यावरचा. त्याने ना फॉर्म भरला, ना किट बसवलं. ब्रिटनने 1930 मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. भारतात 1939 च्या मोटार वाहन कायद्यात ती तरतूद आली आणि 1 जुलै 1946 पासून अमलात आली. या कायद्याच्या कलम 96 मध्ये विमा कंपनी कोणत्या कारणांनी जबाबदारी नाकारू शकते याची यादी होती. 1959 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की त्या यादीबाहेरचा बचाव चालणार नाही. तीच यादी 1988 च्या कायद्यात कलम 149 झाली आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 150. त्यात पॉलिसी घेताना महत्त्वाची माहिती लपवणं हे कारण आहे. 'गाडीत बदल केला' असं वेगळं कारण नाही. 2004 च्या स्वर्ण सिंग खटल्यात तर ड्रायव्हरच्या लायसन्सच्या वादातही कोर्टाने सांगितलं की अटीचा भंग सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची. तिथून वापरात असलेली वाट अशी: कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत, मग मालकाकडून वसूल करावेत.

आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान ही वेगळी बाब. तिथे सर्व्हेअर येतो आणि आरसी बुक, पॉलिसी आणि समोरची गाडी ताडून पाहतो. कलम 52 नुसार कंपनीने बनवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त किट बसवून इंधन बदलायला वाट आहे, पण बदल आरटीओला चौदा दिवसांत कळवायचा. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळ हायकोर्टाचा सैल अर्थ बाजूला सारून कलम 52 कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली.

तरीही 1837 ची भट्टी पूर्ण विझलेली नाही. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे एक खासगी गाडी आली. ती टॅक्सी म्हणून चालवली जात असताना पळवली गेली होती. वापर बदलला होता आणि तो कळवलेला नव्हता. कोर्टाने म्हटलं, चोरीच्या क्लेममध्ये हा भंग निर्णायक नाही. क्लेम 'नॉन-स्टँडर्ड' धरून 75 टक्के रक्कम मालकाला मिळाली. सगळं किंवा काहीच नाही, याच्या मधली ही जागा इंग्रज न्यायाधीशांना सुचली नव्हती.

अर्थात चोरीतली सवलत आगीत मिळेलच असं नाही. टॅक्सी असण्याने गाडी चोरीला जाते हे सिद्ध करणं अवघड. न कळवलेल्या किटमधून गॅस गळून गाडी पेटली, तर सर्व्हेअरला फार शोधावं लागत नाही.

आणि कळवण्याची किंमत? 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये ती लिहिलेली होती: किटच्या किमतीच्या 4 टक्के, आणि थर्ड पार्टीसाठी वर 60 रुपये.