पापणीची पुनर्रचना आणि पुण्याचा अनामिक कारागीर

पापणीवरील अर्बुद काढून टाकणे हे उपचाराचे अर्धेच कार्य होय. पापणीअभावी बुबुळ कोरडे पडून दृष्टी धोक्यात येते; म्हणून गमावलेला भाग पुन्हा घडवावा लागतो. या पुनर्रचनेच्या इतिहासाचा एक धागा पुण्याशी जोडलेला आहे. टिपूच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नामक बैल हाकणाऱ्यास पुण्याजवळील वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाच्या त्वचेतून नवे नाक घडवून दिले. हा वृत्तान्त लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने १७९४ मध्ये छापला. रक्तपुरवठा न तोडता शेजारची त्वचा वळवून आणणे, हे या पद्धतीचे मर्म. कार्प्यू यांनी ती १८१४ मध्ये लंडनमध्ये अवलंबिली आणि युरोपात अशा शस्त्रक्रियांना चालना मिळाली. याच तत्त्वावर हॅम्बुर्गच्या फ्रिके यांनी कानशिलाजवळच्या त्वचेतून पापणी घडविण्याची पद्धत १८२९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील ह्यूजेस यांनी खालच्या पापणीसाठी वरच्या पापणीचे आतील अस्तर उपयोगात आणले. फ्रिके व ह्यूजेस यांची नावे त्यांच्या पद्धतींना मिळाली. पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र मूळ वृत्तान्तातही नाही. वैद्यकाचा इतिहास केवळ ग्रंथकारांचा नसून अशा हातांचाही आहे, हे यावरून स्पष्ट होते.