गुरं, गोचीड आणि आपण

वसुबारसेला आपण इथे शारजात गाय-वासराची पूजा बहुधा चित्रावरच करतो. गावी मात्र तुमच्यापैकी कुणीतरी गाईच्या कानामागची गोचीड बोटांनी ओढून चिरडली असेल. त्या गोचिडीचा आखाताशीही संबंध आहे.

१९४४ मध्ये क्रिमियात सोव्हिएत सैनिकांना रक्तस्रावाचा ताप आला. १९५६ मध्ये काँगोत सापडलेला विषाणू तोच, हे १९६९ मध्ये समजले आणि आजाराला ‘क्रिमियन-काँगो ताप’ हे जोडनाव मिळाले. हायलोमा जातीच्या गोचिडी तो पसरवतात. शिवाय जनावराचे ताजे रक्त अंगाला लागले, तरी माणसाला लागण होते.

आपल्या शेजारी दुबईत १९७९ मध्ये रशीद हॉस्पिटलमधल्या एका रुग्णापासून कर्मचाऱ्यांनाही लागण झाली. पुढे जानेवारी १९९४ ते मार्च १९९५ या काळात अमिरातीत ३५ संशयित रुग्ण आढळले. त्यांतले सुमारे ६२ टक्के दगावले. गुरांचा बाजार, कत्तलखाना आणि कातडी हाताळण्याचे काम करणारे त्यात बरेच होते. मग गुरे आणि कातडीच्या कामातल्या २९१ जणांचे रक्त तपासले. १२ जणांना आजार न जाणवताच संसर्ग होऊन गेला होता. बाहेरून आलेल्या जनावरांवरच्या गोचिडींतही विषाणू मिळाला.

खरी अडचण अशी, की लागण झालेली शेळी किंवा उंट सहसा आजारी दिसतच नाही. ती चारा खाते, रवंथ करते, बाजारात उभी राहते. म्हणून कळपाकळपांतून रक्ताचे नमुने घेऊन प्रतिपिंडे शोधावी लागतात. विषाणू कुठवर पोहोचला, ते त्यावरून कळते.

भारतात हे काम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले. जानेवारी २०११ मध्ये गुजरातेतल्या कोलाट गावातला पहिला रुग्ण याच संस्थेने निश्चित केला. तिथे उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. त्यानंतर २०१३-१४ मध्ये २२ राज्ये आणि एका केंद्रशासित प्रदेशातून गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांचे ५,६३६ नमुने तपासले. ३५४ नमुन्यांत प्रतिपिंडे मिळाली. म्हणजे विषाणू एका गावापुरता नव्हताच.

दोन्हीकडे माणसे गेल्यावर जनावरांकडे अधिक लक्ष गेले. तेव्हा सुट्टीत गावी गेलात, तर गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्याने काढा. मटण सरकारी कत्तलखान्यातलेच घ्या आणि नीट शिजवा. आणि रोज गुरे हाताळणाऱ्या भावांना ताप आला, तर कामाचे स्वरूप डॉक्टरांना आधी सांगायला सांगा. त्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.